काळी चार

माझं नाव बजरंग. नांदेडात वजिराबादच्या मागच्या गल्लीत माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्या कानावर कोणी शंका घेतलेली मला खपत नाही. माहूरच्या भजनी मंडळांपासून किनवटच्या वसतिगृहांपर्यंत चाळीस वर्षं पेट्या सुरात लावल्या. पेटीच्या पोटातले पितळी सूर कानशीनं घासता घासता बोटांचे ठसे गेले; आधारकार्डाच्या मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. अशा माणसाच्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झाली ती सुरातच. तीच सांगायला बसलोय.

लुंबिनी मला पहिल्यांदा दिसली ती किनवटला, मुलींच्या वसतिगृहात. नऊ वर्षांची असेल. प्रार्थनेच्या पेटीचा भाता फाटला म्हणून मला बोलावलं होतं. जाऊन बघतो तर ही पोरगी पेटीसमोर मांडी घालून बसलेली, दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि मागं दुसरी एक पोरगी हुसहुस भाता मारायली. माझं डोकंच फिरलं. पेटी एका हातानं वाजवायची, दुसरा हात भात्याला, ही रीत. हिनं भात्याला माणूस ठेवलेला! भाता फाटणार नाही तर काय होईल? ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. उजव्या हातानं प्रार्थना चालली होती आणि डावा हात तिच्या खालून वेगळंच काहीतरी वाजवत होता, मधेच तिला अडवत होता, मधेच वाट देत होता. दोन गाणी एका वेळी, आणि दोघांत भांडण नाही. हे कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, एक हात नुसता भाता मारतो, त्याला करमत नाही.

इतकी वर्षं झाली, पण हे सांगताना अजून अंगावर काटा येतो.

तिचे वडील आनंदराव रेल्वेत गँगमन होते, इस्लापूरच्या आसपास रूळ सांभाळायचे. मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि पोरीला पायपेटी दिल्याशिवाय पाणी पिणार नाही असा हट्ट धरून बसलो. पायपेटीचा भाता पायानं मारतात, दोन्ही हात मोकळे. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीची पायपेटी माझ्याकडं धूळ खात होती, ती दिली. पुढं कोणीतरी सांगितलं, सिकंदराबादला एक म्हातारी बाई पियानो शिकवते. आनंदरावांना रेल्वेचा पास. बापलेक दर शनिवारी गाडीत बसायचे, रविवारी परत. सात वर्षं, एक शनिवार चुकला नाही. त्या बाईनं पोरीला पुण्याला पाठवलं, पुण्यानं जर्मनीला. एकोणीस वर्षांची असताना गेली ती तिकडचीच झाली. तिकडच्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं, स्वतःच्या रचना केल्या, तिकडच्या विद्यापीठात शिकवायला लागली. कोरियाची, ब्राझीलची पोरं इस्लापूरच्या पोरीपुढं पियानोवर बसतात, आता बोला. तिची ‘सहस्रकुंड’ नावाची रचना आहे, आपल्या धबधब्यावर केलेली. ती वाजवायला अवघड म्हणून परीक्षेला ठेवतात म्हणे. मी दुकानात येईल त्याला हे सगळं सांगायचो. गिऱ्हाईक कंटाळायचं, मी नाही.

पण घरात एक माणूस असं होतं, ज्याला यातलं काही पटलं नव्हतं. तिची आई, कोंडाबाई.

कोंडाबाई म्हणजे इस्लापूरच्या विहारातला आवाज. भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, गाणं त्यांचंच. अक्षरओळख नाही, शिकलेलं काही नाही, पण पेटीतला एक सूर केसभर चढला तरी बाई गाणं थांबवून पेटीकडं अशी बघायची की वाजवणाऱ्याला घाम फुटावा. माझ्या कानावर त्यांनी दोनदा शंका घेतली, दोन्ही वेळा त्या बरोबर होत्या, म्हणून हे मी फारसं कोणाला सांगत नाही.

लेकीची पहिली टेप आली तेव्हा त्यांनी हात जोडून अख्खी ऐकली. आणि मग म्हणाल्या, चांगलं हाय, पण बेसूर हाय. लोक हसले. दुसरी टेप आली, मग सीडी आल्या, दर वेळी तेच. लुंबिनीनं एकदा त्यांना मुंबईला नेलं, आपल्या कार्यक्रमाला. हजार माणूस उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि आत जाऊन ही माउली लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणते, लई मेहनत केलीस माय, पण एवढं बेसूर काहून वाजवतीस?

मी हा किस्सा दुकानात रंगवून सांगायचो. काय तर म्हातारी, जर्मनीला समजलं नाही ते हिला समजलं! खोटं कशाला बोलू, त्या सीडीतला गंधार मलाही चढा लागायचा. पण एवढ्या मोठ्या लोकांना चालतंय म्हटल्यावर मी आपले कान मुकाट झाकून घेतले आणि म्हातारीला हसत राहिलो.

लुंबिनी मात्र हसत नव्हती. मागच्या वर्षी आनंदराव गेले तेव्हा ती आली होती. पाचव्या दिवशी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. केस पिकायला लागलेले, हाताची बोटं मात्र तशीच, नऊ वर्षांच्या पोरीची वाटावीत अशी. म्हणाली, आईचं हृदय आता दोन आणे चालतंय, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय. आजवर हजार लोकांनी मला चांगलं म्हटलं. आईनं एकदा ‘सुरात हाय’ म्हणावं, बास, मग मला काही नको. मी मान खाली घालून पेटीचा भाता चिकटवत राहिलो. 

यंदा जानेवारीत तिनं ठरवलं की आई येऊ शकत नाही तर आपण आईजवळ जायचं. नांदेडला वाजवायचं, इस्लापूरहून गाडीनं आईला हळूहळू आणायचं. पियानो होता नांदेडातल्याच डॉक्टर सुदर्शन यांच्या घरी. त्यांनी तो लेकीसाठी, पुनमसाठी, हैदराबादहून आणला होता. मग दहावी झाली, पुनम नीटच्या क्लासला लातूरला गेली, आणि पियानोवर फोटोफ्रेमा आल्या. डॉक्टर भला माणूस. त्यांनी पियानो तर दिलाच, ओळखीतलं एक मंगल कार्यालय मिळवलं आणि मोंढ्यातल्या धान्यबाजारातले आठ हमाल लावून पियानो तिथं नेऊन ठेवला. हैदराबादचा कारागीर येऊन तो सुरात लावणार होता. दोन दिवस आधी त्याला कावीळ झाली.

झालं. डॉक्टरांचा मला फोन. बजरंगराव, तुम्हीच आता.

खरं सांगतो, पियानोच्या आत मी कधी हात घातला नव्हता. पण नाही म्हणायला जीभ वळली नाही, कारण लुंबिनीचा पियानो माझ्या हातून लागणार, हे स्वप्नातसुद्धा कधी बघितलं नव्हतं. लेथवाल्याकडून खुंट्यांच्या मापाची किल्ली करून घेतली. एकेका सुराला तीन-तीन तारा, सव्वादोनशेच्या वर. दोन तारा दाबून ठेवायच्या, एक लावायची. दाबायला जुन्या चपलेचं रबर कापून पाचरी केल्या. डॉक्टर म्हणाले, मोबाइलवर ॲप आहे, ते सूर दाखवतं. मी ते बघितलं. मी गंधार जागेवर आणला की ते लाल व्हायचं. म्हटलं, डॉक्टर साहेब, हे तुमच्या खिशात ठेवा, मोबाइलच्या कानानं चालायचं असेल तर मला काहून बोलावलं?

आता इथं माझी चूक नीट ऐका. आमच्या धंद्यात पेटी लावायला घेतली की पहिला सवाल एकच: सा कुठला? गाणारा ज्या पट्टीत गातो, ती पट्टी सा धरायची आणि बाकीचे सूर त्या साच्या हिशेबानं आपापल्या जागी बसवायचे. कारखान्यातून आलेल्या पेटीत गंधार चढे असतात, घाईघाईत लावत असतील म्हणून मी ते घासून नेहमी उतरवतो. तर मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, सा कुठला? ते म्हणाले, सा म्हणजे? मग म्हणाले, तुम्हाला बरोबर वाटेल ते करा, मी ओपीडीत आहे.

मग मीच विचार केला. वाजवणारी बाई आहे. बायकांची पट्टी काळी चार, सप्तकातली चौथी काळी पट्टी. आयुष्यभर महिला मंडळांच्या पेट्या काळी चारला लावल्या. लावला सा काळी चारला.

दोन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची खुंटी बसवली, काळी चारचा सा, गंधार, पंचम एकदम दाबले, आणि सांगतो, तो सूर हवेत उभा राहिला. हलेना, थरथरेना. खुर्च्या उतरवायला आलेल्या हमालांपैकी एक जण पाणी प्यायला थांबला होता, त्याचा तांब्या तसाच हातात राहिला. माझे पाय जमिनीवर नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी बारा वाजता लुंबिनी आली. आईला डॉक्टरांच्या घरी झोपवून आली होती. मला वाकून नमस्कार केला, बाकावर बसली, आणि नेमके तेच सूर दाबले. हात तसाच राहिला. सूर विरेपर्यंत तिनं बोट उचललं नाही. परत दाबले. माझ्याकडं बघितलं. मग हात सरकवून तिनं तिची पहिली रचना सुरू केली, पांढरी दोनमधली.

दोन मांजरं एका पोत्यात घातल्यासारखा आवाज आला.

माझे डोळे पांढरे झाले. तिनं आणखी चार जागी हात ठेवला. कुठं जरा बरं, कुठं पार वाट लागलेली. मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे विचारलं, काका, सा कुठं धरला? मी सांगितलं. काहून, म्हणाली. मी म्हटलं, बाई वाजवणार म्हणून. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तिनं मला समजावून सांगितलं, रागावून नाही, पोरांना सांगतात तसं. पियानोला एक सा नसतो. इथली कुठलीही पट्टी कधीही सा होऊ शकते. आता, एकीच्या हिशेबानं सगळं जागेवर बसवलं की बाकीच्यांचं बिघडतं, जसं आज बिघडलं. म्हणून तिकडं तीनशे वर्षांपूर्वी लोकांनी तोड काढली, सगळ्यांनी थोडं थोडं सोडायचं. कोणताच सूर पुरता जागेवर नाही, पण कोणी पार बिघडलेलाही नाही.

“म्हणजे जगातले सगळे पियानो थोडे बेसूर असतात?” मी विचारलं.

“हाव. मुद्दाम लावतात तसे. गंधार सगळ्यात जास्त चढा.”

हे बोलली आणि तिचं तोंड तसंच राहिलं. मलाही त्याच क्षणी समजलं.   पंचवीस वर्षं, टेप झाल्या, सीडी झाल्या, मुंबई झाली, आणि एका अडाणी बाईच्या कानाला तेवढं एक ऐकू येत होतं जे जर्मनीतल्या पुस्तकात लिहिलेलं आहे. आणि मी, बजरंग, कानाचा बादशहा, तिला हसत होतो. त्या वेळी जमीन दुभंगती तर बरं झालं असतं.

“आई खरं बोलायली होती,” लुंबिनी म्हणाली. “मी हे पोरांना दर वर्षी शिकवते, काका. आणि आईचं बोलणं मला एकदाही समजलं न्हाई.”

मी किल्ली उचलली. म्हटलं, सहा तास आहेत, ॲप लावतो, जमेल तेवढं तिकडच्यासारखं करतो. पुण्याचे एक समीक्षक येणार होते, रेकॉर्डिंगवाले आले होते, छापील कार्यक्रमपत्रिका वाटून झाली होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. राहू द्या म्हणाली. आज आईसाठी वाजवायचंय, आईच्या सुरात वाजवते.

त्यानंतर मी जे बघितलं ते सांगायला माझ्याकडं शब्द कमी पडतात, आणि मी गप्प बसणाऱ्यातला नाही हे तुम्हाला एव्हाना समजलंच असेल. वीस-वीस मिनिटांच्या रचना, प्रत्येक हातात हजारो सूर, प्रत्येक बोटाला वर्षानुवर्षांची सवय. ती सवय बाजूला सारून तिनं त्या सगळ्या उचलून काळी चारवर आणून ठेवल्या. कागद नाही, पेन्सिल नाही. जिथं रचना दुसऱ्या पट्टीत निघून जाते आणि पियानो ओरडायला लागतो, तिथं ती थांबायची, डोळे मिटायची, आणि जाण्याची वेगळी वाट तिथल्या तिथं रचायची. ‘सहस्रकुंड’मधलं पाणी तर तिनं नव्यानंच पाडलं. संध्याकाळी पाचपर्यंत तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. मी कोपऱ्यात उभा होतो. बसायचं सुचलंच नाही. देव मी फारसा मानत नाही, पण त्या दिवशी चपला बाहेर काढून आलो होतो ते बरं झालं, असं वाटत होतं.

सहा वाजता लोक जमले. नवरानवरीला बसवायचा लाल सोफा पुढं आणून त्यावर कोंडाबाईंना बसवलं होतं. पांढरं लुगडं, अंगावर शाल, श्वास मोजून घेतल्यासारखा. मी जाऊन जय भीम केला. त्यांनी मला ओळखलं, बजरंगा, म्हातारा झालास रे, म्हणाल्या. मी मुद्दाम त्यांच्या बाजूला जमिनीवर बसलो. मला स्टेजकडं बघायचं नव्हतं, त्यांच्या तोंडाकडं बघायचं होतं.

लुंबिनीनं सुरुवात केली. पहिल्या सुरालाच बाईंनी मान वळवली, पेटीत चुकीचा सूर आला की वळवायच्या तशी. मग मान सावकाश सरळ झाली. पहिली रचना झाली, दुसरी झाली. सभागृहात शिंकही आली नाही. पुण्याचा समीक्षक कागदावर लिहायचं थांबून नुसता ऐकत होता. ‘सहस्रकुंड’ संपलं तेव्हा तीनशे माणूस उभं राहिलं. डॉक्टर सुदर्शन रडत होते. बाई मात्र मांडीवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

टाळ्या चालू असतानाच लुंबिनी स्टेजवरून उतरली आणि आईच्या पायाशी येऊन बसली. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण विचारलं लहान पोरीसारखं.

“आई, कसं झालं?”

कोंडाबाईंनी शाल सावरली. मग म्हणाल्या, “सुरात हाय. एक सूर हलला न्हाई.”

लुंबिनीनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. माझा जीव भांड्यात पडला. चूक तर चूक, पण माझ्या चुकीनं या पोरीचं आयुष्यभराचं मागणं पुरं झालं, असं म्हणून मी डोळे पुसायला उपरणं काढलं. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्या स्टेजकडं बघत होत्या, कोणी यायचं राहिलंय का बघावं तसं.

“पण माझी लुंबी बेसूर वाजवते,” त्या म्हणाल्या. “ती कुठं हाय?”

लुंबिनीनं डोकं वर केलं. आई काय म्हणतेय तिला समजेना. बाई तिच्या केसांवरून हात फिरवत, थांबत थांबत बोलल्या. तू गेलीस तवापासून रोज सांजच्याला मी तुला लावते. आधी टेपवर लावायची, आता शेजारची तारामती मोबाइलवर लावून देते. विहारात कोणाचंबी गाणं लागू दे, रेडिओवर लागू दे, सुरात असलं की समजते, हे दुसऱ्या कोणाचं हाय. ते बेसूर ऐकू आलं की समजते, लुंबी घरी आली.

“रोज?” लुंबिनीनं विचारलं.

“रोज. तुझे बाबाबी बसायचे.”

पंचवीस वर्षं ती पोरगी समजत होती, आईला आपलं आवडत नाही.

ती उठली. डोळे पुसले नाहीत, तशीच स्टेजवर गेली. लोक अजून उभेच होते, ते घाईनं खाली बसले. तिनं बाक जरा पुढं ओढला, हात उचलले आणि पांढरी दोनवर ठेवले. दुपारचीच ती रचना, तिच्या मूळ जागी, मी बिघडवून ठेवलेल्या तारांवर. पियानो ओरडला. समीक्षकानं दचकून वर बघितलं, मागच्या रांगेत कोणीतरी कानावर हात नेला. ती थांबली नाही, वाट बदलली नाही, एक सूर चुकवला नाही. प्रत्येक वाकडा सूर पुरता दाबून, त्याचा मान ठेवून वाजवत गेली. माझ्या चाळीस वर्षांच्या कानाला ते सगळं ऐकू येत होतं, आणि त्यातला एकही सूर जागेवर यावा असं मला वाटलं नाही.

कोंडाबाईंनी सोफ्यावर मान टेकली, डोळे मिटले आणि माझा हात चाचपून धरला.

“आली,” त्या म्हणाल्या.